टेबल कुठवर वापरायचं

६ मार्च

ताई,

आशीर्वाद मनातल्या मनात दिलाय. कागदावर लिहायला गेलो तर ढोंग वाटतं. चार वर्षांनी बाप पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. आहेच. फोन मुद्दाम केला नाही. तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चढला असता. मग पुन्हा चार वर्षं.

काम साधं आहे. एक गिऱ्हाईक आलंय. तरुण जोडपं, पहिलंच बाळ यायचंय. बाळाचे लंगोट बदलायला, अंग पुसायला उंच टेबल हवंय, आपल्या घरी आहे तसं. पोरगी चौकस आहे. मला विचारते, ‘काका, हे कुठवर वापरायचं? कधी बंद करायचं?’ मी म्हटलं, बाई, मी सुतार आहे. टेबल किती टिकेल ते सांगतो. बाळाचं बाळाच्या डॉक्टरला विचार. पण मग वाटलं, आपल्या घरातच मुलांच्या वॉर्डातली नर्स आहे, तिला विचारावं. घरात म्हणजे, आहे ना तू घरातलीच. असो.

तर तेवढं लिही. महिने सांग, वजन सांग, जे काही तुमच्याकडे शिकवतात ते. आणि कठडा लागतोच का, तेही.

तुझी आई बरी आहे. कंबरेचं चालूच असतं. आपली धाकटी, भिंगरी, बरी आहे. गेल्या महिन्यात अकरा वर्षं चार महिन्यांची झाली. सध्या जरा झोपून असते.

ता. क. त्या गिऱ्हाईकाच्या नात्यातलं एक मूल पडलंय म्हणे. डोक्याला लागलंय. चार दिवस झाले, डोळे उघडत नाही. असं मूल पुन्हा जागं होतं ना? डॉक्टर आमच्याशी धड बोलत नाहीत, म्हणजे त्यांच्याशी.

बाबा


१४ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं. तीन ओळी. ‘बाळ पहिल्यांदा कुशीवर वळलं की टेबल बंद. ते कधी वळणार हे आधी कुणालाच कळत नाही, म्हणून कठडा पहिल्या दिवसापासून, आणि एक हात कायम बाळाच्या अंगावर.’ आणि खाली, ‘गिऱ्हाईकाच्या गोष्टी मला सांगू नका. भिंगरीला काय झालंय?’

गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं. तुला खोटं पचत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. लहानपणी औषध साखरेत घालून दिलं तर साखर चाटून औषध थुंकायचीस.

भिंगरी पडली. दोन तारखेला, सकाळी, टेबलावरून. तेव्हापासून हॉस्पिटलात आहे. डोक्याच्या आत रक्त साचलंय. नळ्या आहेत. आम्हाला आळीपाळीनं आत सोडतात. एकदा तुझी आई, एकदा मी. दोघं एकदम नाही.

कसं झालं ते लिहितो. तुझी आई तिचं आवरत होती. टॉवेल न्हाणीघरात राहिला होता, तो आणायला गेली. इकडे हात लावला नि तिकडे उचलला एवढाच वेळ. मी कारखान्यात होतो. धप्प आवाज झाला, मी धावलो. डॉक्टरांना हेच सांगितलं. त्यांनी हेच केसपेपरवर लिहून घेतलं. तुझ्या आईनं मान डोलावली.

आता तू म्हणशील, मी सांगितलं होतं. सांगितलं होतंस. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो दिवस. सुट्टी काढून आली होतीस, बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हतीस आणि टेबलाकडे बघून म्हणालीस, ‘बाबा, कठडा कुठे गेला? आणि हे एवढं उंच कधी केलंत?’ उंच केलं होतं तुझ्या आईच्या कंबरेसाठी. वीतभर. तिला वाकावं लागायचं, वाकली की दिवसभर कण्हायची. मग चारही पायांना तुकडे जोडले. आणि कठडा म्हणशील तर तो खाली पडणारा केला होता, बिजागरी लावून. त्यात एकदा तिचं बोट चेमटलं. नख काळंनिळं झालं. मी कठडा काढला, म्हटलं उद्या नीट करून बसवतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘अहो, असंच बरं आहे. पोर उचलून सरळ ठेवता येते.’ तो उद्या आलाच नाही.

तू म्हणालीस, ‘ती वळली तर?’ आणि मी काय म्हणालो, तुला आठवत असेलच. म्हणालो, ‘वळतेय कसली. सात वर्षं वाट बघतोय आम्ही. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय, ही पोर आयुष्यात कुशीवर होणार नाही. मी तिच्या पोटाखाली गुंडाळी ठेवली, खुळखुळे टांगले, घंटा वाजवली, देव पाण्यात बुडवून ठेवायचे तेवढे राहिले. आणि तू दोन दिवसांची पाहुणी येऊन मला शिकवतेस?’ पाहुणी म्हणालो. तू बॅग उचललीस. ती खाली ठेवलेलीच नव्हती, त्यामुळे सोपं गेलं असेल.

दर वाढदिवसाला मी ते टेबल लांबीला चार बोटं वाढवत गेलो. माणसं मुलांची उंची भिंतीवर मोजतात, मी फळीत मोजायचो. सांधा कळायचा नाही असं काम. लोकांच्या घरी दाखवायला असतं तर मिरवलं असतं मी.

यायचं की नाही ते तू ठरव. मी ये म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही.

बाबा


२ एप्रिल

ताई,

तू आलीस, उभी राहिलीस, संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. एकोणीस दिवस झुंजली पोर आणि तुझा पायरव ऐकण्याआधी तासभर गेली. त्याचा दोष कुणाला देऊ नकोस, गाडीलाही नाही.

पण तू आईला जे म्हणालीस ते म्हणायला नको होतंस. कॉरिडॉरमध्ये, केसपेपर हातात धरून. ‘आई, अकरा वर्षं तू एक हात तिच्यावर ठेवलास. त्या दिवशी टॉवेलसाठी काढलास?’ तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. हळू म्हणालीस, नर्स बोलते तसं.

मी शेजारी उभा होतो. मी काहीच बोललो नाही. तुला वाटलं असेल, बाबा रागानं गप्प आहेत.

घरी काय चाललंय ते सांगतो. तुझी आई उजवा हात वापरत नाही. लकवा नाही, काही नाही. वापरत नाही, बस्स. तोच हात ती भिंगरीच्या पोटावर ठेवायची ना. म्हणते, ‘हा हात नालायक आहे, याला काही द्यायचं नाही.’ डाव्या हातानं जेवते, अर्धं सांडतं, मग ताट सारते. डाव्या हातानं उकळतं पातेलं उतरवायला गेली आणि पाय भाजून घेतला. मी मलम लावायला बसलो तर म्हणाली, ‘राहू दे. जळू दे थोडं.’ पोलक्याची बटणं लावता येत नाहीत, मी लावतो. तीस वर्षांच्या संसारात कधी लावली नव्हती, आता शिकलो. वजन बघवत नाही तिचं. गालफडं आत गेलीत.

आणि रोज सकाळी सात वाजता टेबलापाशी जाऊन उभी राहते. डाव्या हातानं फळी पुसते. चादर घालते, कोपरे खोचते. साडेसातला चादर काढून घडी करते. हीच ती वेळ. मी विचारलं, ‘हे कधी बंद करणार?’ तर माझ्याकडे असं बघितलं की मीच कारखान्यात निघून गेलो.

मला ते टेबल मोडायचं होतं. करवत घेऊन गेलो. ती आडवी आली. ‘तुमचं काम उत्तम आहे,’ म्हणाली. ‘टेबलाचा काही दोष नाही. दोष माझा आहे. टेबलाला हात लावायचा नाही.’

तेव्हा तू तिला एक फोन कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तिला एवढंच म्हण, तुझी चूक नाही.

बाबा


१९ एप्रिल

ताई,

तू फोन केला नाहीस. तू लिहिलंस, ‘चूक नसती तर म्हटलं असतं. मी रोज आयांना हेच शिकवते. खोटं कसं बोलू?’

अगदी माझी पोर आहेस. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

तर आता ऐक. बसून वाच. हे चार वेळा लिहून फाडलंय.

मी कारखान्यात नव्हतो. दारात होतो.

तुला आपल्या घराची रचना माहीत आहे. टेबलाची एक लांब बाजू भिंतीला, वर खिडकी. दुसरी बाजू खोलीकडे मोकळी, आणि तिकडेच कारखान्याचं दार. भिंगरीचं तोंड कायम खिडकीकडे असायचं. रोज सात-सव्वासातला मी रंधा ठेवून चहाला यायचो आणि दारातून ओरडायचो, ‘काय भिंगरे, काय म्हणतेस?’ ती तोंड न वळवता हसायची. घशातलं हसू तिचं. मग मी पलीकडे वाकून तिला तोंड दाखवायचो. अकरा वर्षांचा नेम.

त्या दिवशी मी ओरडलो. हसली नाही. तिचा खांदा हलला.

आधी मला वाटलं, आकडी येतेय. पण नव्हती. खांदा उचलला तिनं. मुद्दाम. तिच्या त्या काडीएवढ्या हातानं हवेत काहीतरी धरायला बघितलं. मग थांबली, दमली. मग पुन्हा. कंबर आली मागोमाग. आणि मान फिरली आणि तिनं मला बघितलं. मी दाखवलेलं तोंड नाही. तिनं स्वतः वळून बघितलेलं. कुशीवर, ताई. पूर्ण कुशीवर.

माझ्या नि तिच्या मध्ये चार पावलं होती. मी म्हातारा असलो तरी चार पावलं टाकू शकतो. मला वेळ होता. हे तू नीट वाच. मला वेळ होता.

मी टाळ्या वाजवल्या.

मी टाळ्या वाजवल्या आणि न्हाणीघराकडे तोंड करून ओरडलो, ‘अगं ए! लवकर ये! बघ तुझी पोर काय करतेय!’ आतमध्ये नळ सोडलेला. तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडलो. मला एवढा आनंद झाला होता की तिच्याकडे बघायचं सोडून मी तिच्या आईला बोलवत बसलो. मला वाटलं, हे बघायचं राहून जाईल बाईचं.

आवाज झाला तेव्हा माझी पाठ होती.

तिची आई आली तेव्हा पोर माझ्या मांडीवर होती. ती म्हणाली, ‘तुम्ही हाक मारलीत का?’ मी म्हणालो, ‘नाही.’ का म्हणालो, देव जाणे. तोंडातून गेलं. मग हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, ‘जवळ कोण होतं?’ तेव्हा त्या नाहीवर दुसरं नाही ठेवलं, ‘कुणी नाही, मी कारखान्यात होतो.’ चुकीच्या मापानं पहिली फळी कापली की पुढचं सगळं तसंच कापावं लागतं.

डॉक्टर म्हणाले वळणार नाही, हे माझ्या बाजूनं आहे. पण कठडा मी काढला. उंची मी वाढवली. हाक मी मारली. ती माझ्या हाकेला वळली. मी तिथे नसतो तर वळली असती का, कोण सांगणार? आणि मी तिथे होतो तर मग ती पडली कशी? याचं उत्तर एकच आहे आणि ते मला येतं.

आणि दीड महिना मी त्या बाईच्या पोलक्याची बटणं लावतोय, भाजलेल्या पायाला मलम लावतोय, आणि सगळे म्हणतात, काय सेवा करतो नवरा. समोरची शिंपीण तर म्हणाली, ‘असा माणूस मिळायला नशीब लागतं.’ मी तिथल्या तिथे मेलो असतो तर बरं झालं असतं.

तुला आधी लिहितोय, कारण तुझी मला कमी भीती वाटते. तू आधीच सोडून गेलीयस, अजून किती जाशील? पण ती गेली तर माझ्याकडे काय उरतं? चहा कुणाबरोबर प्यायचा? हा विचार करून मी तिला उपाशी मरू देतोय, हे मला कळतं. कळूनही तोंड उघडत नाही. असा नेभळट आहे तुझा बाप.

आता हे पत्र पेटीत टाकलं की मागे फिरता येणार नाही. तू तिला सांगशीलच. तुला खोटं पचत नाही. म्हणून टाकतोय. तुझ्याआधी मला सांगावं लागेल, त्या धाकानं तरी सांगेन.

बाबा


२१ एप्रिल

ताई,

सांगितलं.

काल पत्र टाकून आलो ते सरळ तिच्यापुढे उभा राहिलो. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. ती टेबलापाशी होती, चादरीची घडी करत. मी सगळं सांगितलं. दार, हाक, टाळ्या, पाठ. डॉक्टरांशी खोटं बोललो ते. तुला लिहिलं तसंच, एक शब्द कमी नाही.

तिनं घडी पुरी केली. मग स्टुलावर बसली. मी मनाची तयारी केली होती की मारेल, शिव्या देईल, नाहीतर पिशवी भरेल. माझी स्वतःची पिशवी मी मनात भरून ठेवली होती. कारखान्यात झोपायचं हेही ठरवलं होतं.

मग तिनं विचारलं, ‘कुठल्या कुशीवर?’

मी म्हटलं, ‘उजव्या. दाराकडे.’

‘आधी खांदा की आधी पाय?’

‘खांदा. मग दमली. मग कंबर. पाय शेवटी आले.’

‘तोंड कसं होतं? घाबरलेलं?’

‘नाही गं. हसत होती. माझ्याकडे बघून.’

मग ती रडली. दोन तारखेनंतर पहिल्यांदा. हॉस्पिटलात नव्हती रडली, पोर गेली तेव्हा नव्हती, तू बोललीस तेव्हाही नव्हती. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण धीर झाला नाही. रडता रडता म्हणाली, ‘अकरा वर्षं रोज सकाळी मी तिचा खांदा धरून वळवायचे. म्हणायचे, अशी, अशी वळ गं. अकरा वर्षं. आणि बघितलंत तुम्ही एकट्यांनी. आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत. दीड महिना ते एकट्यानं गिळून बसलात.’

मी म्हटलं, ‘मी तुला दोष लागू दिला.’

‘ते आहेच,’ म्हणाली. ‘ते मी विसरणार नाही. मरेपर्यंत नाही. पण ते नंतर. माझी पोर वळली हे मला आधी कळायला हवं होतं. मी हॉस्पिटलात तिच्या कानात सांगितलं असतं. शाबास म्हटलं असतं.’



तुझ्यासाठी निरोप नाही. ‘तिला कळेल तेव्हा ती करेल फोन,’ एवढंच. रागानं नाही म्हणाली. केसपेपरवर काय लिहिलंय ते दुरुस्त करायला मी उद्या हॉस्पिटलात जाणार आहे. ते काय करतील ते करोत. तू तुझ्या आयांना शिकवशील तेव्हा आमच्या घरातलं सांग. नाव न घेता सांग. म्हणावं, वळणार नाही असं सांगितलेलं मूलसुद्धा वळतं. आणि ते वळलं की टाळ्या नंतर.

एवढं सांगून संपवतो. रडणं थांबल्यावर ती उठली, घडी केलेली चादर पुन्हा उलगडली आणि जमिनीवर अंथरली. मला म्हणाली, ‘झोपा.’ मला कळेना. ‘झोपा हो. कशी वळली ते करून दाखवा.’

मी चपला काढल्या आणि आडवा झालो. तोंड खिडकीकडे केलं. ती दारात जाऊन उभी राहिली, जिथे मी होतो तिथे. मी खांदा उचलला. थांबलो. पुन्हा उचलला. हात हवेत धरला तिच्यासारखा. कंबर ओढली, आणि मान फिरवून तिच्याकडे बघितलं.

‘पुन्हा,’ म्हणाली.

मी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

बाबा